जीप शोभेची नाही

रविवारी सकाळी सुनंदा उठली. तिने चहा केला, कप अंगणात आणले, जीपच्या बॅटरीची वायर जोडली आणि मला म्हणाली, "साखर आणा." मी साखर घेऊन आलो तेव्हा ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. तिने हाकेला ओ दिली नाही. डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि वेळ लिहिली. त्या दिवशी जीप सुरू झाली नाही.

ते माघातलं. आता मार्गशीर्ष लागला आहे आणि जळगावच्या बाजारात भरिताची वांगी आली आहेत. हिरवट-पांढरी, लांबोडकी, दोन्ही हातांनी उचलावीत अशी. परवा हातगाडीवाल्याने मला ओळखलं. "सर, मॅडम पाच किलो न्यायच्या. तुम्हाला किती देऊ?" त्याला बातमी ठाऊक होती की नाही कोण जाणे. त्याच्या प्रश्नात मला कुठेही दया दिसली नाही, म्हणून बरं वाटलं. मी म्हणालो, "पाच."

खान्देश म्हटलं की बाहेरच्या माणसाला उन्हाळाच आठवतो. आम्ही दोघं मात्र वर्षभर हिवाळ्यासाठी थांबायचो. दिवाळी उलटली की पहाटे अंगणात गारवा उतरायचा, शेजारी कुणीतरी पाणी तापवायला कपाशीच्या काड्या पेटवायचं आणि त्या धुरात थंड पेट्रोलचा वास मिसळायचा. हा वास मला कुठल्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे. असं लिहिताना आता लाज वाटत नाही. पूर्वी वाटली असती.

सुनंदा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायची. मी शाळेत मराठी शिकवलं, एकतीस वर्षं. लग्नानंतर पहिली काही वर्षं लोक आमच्याकडे बघून हसायचे, नंतर सवयीने हसायचे. तिचं माहेर यावल तालुक्यातलं, केळीच्या बागांमधलं. वडिलांचा ट्रॅक्टर बंद पडला की मिस्त्री येईपर्यंत ही मुलगी बोनेट उघडून बसलेली असायची. जीप तिने सरकारी लिलावात घेतली. पेट्रोलवर चालणारी, हिरवा रंग उडालेली, पाठीमागची ताडपत्री उंदरांनी कुरतडलेली. ट्रॉलीवर घालून ती आमच्या दारात आणली तेव्हा गल्लीतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, घरात काही वाद वगैरे झाला का?"

पुढे दर रविवारी आमच्या अंगणातून गल्लीकडे दोन पाय बाहेर आलेले असायचे. सलवार घोट्यापर्यंत, पायात जुने कॅनव्हासचे बूट, बाकीची सुनंदा जीपखाली. येणारे-जाणारे त्या पायांना नमस्कार करायचे, काही टोमणा मारायचे. समोरच्या घरातल्या काकू एकदा मला म्हणाल्या, "सर, तुम्ही का नाही शिकून घेत? बरं दिसत नाही हो." मी काही बोलायच्या आत खालून आवाज आला, "काकू, ते वाचतात म्हणून तर माझे हात मोकळे राहतात."

मी खरोखर वाचायचो. जीपचं मॅन्युअल इंग्रजीत होतं आणि तिचे हात ग्रीसमध्ये असायचे. मी बाजेवर बसून एकेक वाक्य मराठीत करून सांगायचो. तिला त्यातलं बरंचसं आधीच माहीत असायचं, तरी तिला ते ऐकायला लागायचं. एकदा मी वाचलं, "नट अलगद पण घट्ट आवळा."

"अलगद पण घट्ट म्हणजे काय हो?"

"असंच लिहिलंय."

"तुमच्या मराठीत लिहिलंय. त्याच्यात किती आवळायचं ते लिहिलं असेल, आकडा असेल. आकडा वाचा मास्तर, कविता नको."

तिच्या हसण्याने पाना हातातून निसटला आणि तिच्याच कपाळावर पडला. टेंगूळ घेऊन ती सोमवारी वर्गात गेली. मुलांना म्हणाली, नवऱ्याच्या भाषांतराने लागलं.

आमच्यासारखे अजून दोघं होते. भडगावचे नाना, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सत्तरीचे, जवळ एक डिझेलची अँबॅसिडर. आणि धुळ्याचा जावेद, डेंटिंग-पेंटिंगचा कारागीर, सुनंदाला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणणारा. त्याच्याकडे स्वतःची अशी गाडी कधी नसायचीच. जी दुरुस्त करायला घेतलेली असेल ती घेऊन यायचा आणि म्हणायचा, "ट्रायल घेतोय." हिवाळ्यात महिन्यातून दोन रविवार आम्ही सगळे गिरणेकाठच्या नानांच्या शेतात जमायचो. वांगी आम्ही न्यायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी नानांच्या घरून, जावेदकडे कांद्याची पात, मिरच्या आणि गप्पा.

या जमण्याला नानांनी एक नियम घातला होता. गाडी स्वतःच्या चाकावर आली पाहिजे. जी दोरीने ओढून आणावी लागेल, तिच्या मालकाने त्या दिवशी वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि दिवसभर गाड्यांविषयी एक शब्द बोलायचा नाही. भाजणं जड नव्हतं. न बोलणं जड होतं. जावेदला ही शिक्षा अनेकदा झाली. तो काळ्या बोटांनी वांगी सोलत, तोंड मिटून, फक्त भुवयांनी आमच्या कार्बोरेटरच्या चर्चेत भाग घ्यायचा. सुनंदाला ती कधीच झाली नव्हती, आणि ती सगळ्यांना याची वरचेवर आठवण करून द्यायची.

मग तिच्या शेवटच्या हंगामात ते घडलं. आमच्या जीपचा पेट्रोलचा काटा चालत नाही, कधीच चालला नाही. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट उचलायची, झाकण काढायचं, आत काठी बुडवायची आणि ओली खूण बघायची. तिने बांबूची एक कामटी चाकूने खुणा पाडून ठेवली होती. त्या रविवारी ती कामटी घरी राहिली. परत निघताना तिने वांगी भाजायच्या ढिगातून कपाशीची एक काडी ओढली आणि टाकीत घातली. काडी मोडली. अर्धी आत पडली.

नाना म्हणाले, "बाई, टाकी उतारनी पडी आते."

सुनंदा म्हणाली, "कशाला? लाकूड तरंगतं नाना. पाइप तळाशी आहे. राहू द्या."

हे म्हणताना तिच्या आवाजात आयटीआयच्या मॅडम बोलत होत्या. शास्त्र बरोबर होतं. पण कपाशीच्या काडीची साल पेट्रोलमध्ये आठ दिवस भिजली की तिचे तंतू सुटतात, आणि तंतू तरंगत नाहीत, हे शास्त्रात नव्हतं. पंधरा दिवसांनी एरंडोल सोडल्यावर जीपने दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सुनंदाने पाइप सोडवला, फुंकला, तोंडात पेट्रोल गेलं, थुंकली, परत फुंकला. थोडं चालली, परत थांबली. शेवटी मीच नानांना फोन केला. ती माझ्याशी तासभर बोलली नाही.

नाना अँबॅसिडर घेऊन आले, दोर घेऊन आले, आणि चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून आले. दोर बांधताना एवढंच म्हणाले, "लाकूड तरंगस ना, बाई?"

जावेद शेताच्या बांधावर उभाच होता. आमची मिरवणूक पाहून त्याने टोपी काढली. "या बाजी, चूल पेटवलीय. आणि नियम माहिती आहे ना? गाडीचं नाव काढायचं नाही."

त्या दिवशीची सुनंदा मला सगळ्यात जास्त आठवते. काड्यांचा जाळ, त्यावर टाकलेली दहा-बारा वांगी, त्यांची साल फुटताना येणारा बारीक शिट्टीसारखा आवाज, आणि त्या धुरापलीकडे रागाने लाल झालेला, हसू दाबणारा तिचा चेहरा. नाना आणि जावेद मुद्दाम तिच्याजवळ बसून जीपविषयी वाटेल ते चुकीचं बोलत होते. "या जीपला मागच्या चाकात चोक असतो," जावेद म्हणाला. तिने चिमटा उगारला. बोलली मात्र नाही. भरीत त्या दिवशी अप्रतिम झालं होतं, आणि ते सांगितलेलंही तिला आवडलं नाही.

ती गेल्यावर लोकांनी मला बरंच काही सांगितलं. तीर्थाला जा. मन रमवा. वाचन वाढवा, असंही एक जण म्हणाला, मला. सगळ्यांचा रोख एकच होता, की हे जितक्या लवकर मागे पडेल तितकं बरं. मी गप्प बसणारा माणूस आहे. लोकांना वाटतं गप्प बसणाऱ्याला पटलेलं असतं. मला पटलेलं नव्हतं. मला ते मागे पाडायचं नव्हतं. दुःखाची घाई कुणाला आहे? मला नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, पाठच्या गल्लीत राहते. रोज डबा आणायची, आजही आणते. तिने चैत्रात एक गिऱ्हाईक आणलं. हायवेवर नवा धाबा काढलेला तरुण होता, बोलायला अदबशीर. जीपभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या, चाकावर हलकेच लाथ मारली आणि म्हणाला, "सर, इंजिन काढून टाकू. आत कुंड्या, लाइटिंग. लोक फॅमिलीसकट फोटो काढतील. आणि मॅडमचं नाव लिहू ना बोनेटवर, मोठ्या अक्षरात. त्यांची आठवण राहील."

मी म्हणालो, "त्या बोनेटवर नसायच्या. बोनेटच्या आत असायच्या."

तो ओशाळून अक्काकडे बघायला लागला. अक्का चिडली. "दिनू, तुला स्कूटर धड चालवता येत नाही. पावसाळ्यात ही सडेल. डिसेंबरात हिच्या नोंदणीची मुदत संपते, तपासणीला कोण नेणार? तपासणी झाली नाही तर भंगारवाला तरी घेईल का? मग निदान हा चांगला माणूस..." आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "किती दिवस अंगणात मढं ठेवशील?"

मग मी म्हणालो, "मढं नाही अक्का. बॅटरी उतरलीय."

तो मुलगा गेला. अक्का पायरीवर बसून रडली. तिच्यासाठी सुनंदा भावजय होती, आणि गुडघे दुखायला लागले की तिला दवाखान्यात नेणारी एकमेव व्यक्तीही होती. तिला त्या जीपकडे बघवत नव्हतं, एवढंच. मला ते समजत होतं. तरी मी बधलो नाही. ज्याला बघवत नाही त्याने तोंड फिरवावं, गाडी विकायला कशाला हवी?

रात्री कपाटातून मॅन्युअल काढलं. पानांवर तिचे अंगठे उमटले आहेत, काळे. मी एकसष्ट वर्षांचा, आयुष्यात एकदाही गिअर टाकला नव्हता. पण मला ते पुस्तक पाठ होतं. वाक्यं पाठ, हात कोरे. मी नानांना फोन लावला आणि म्हणालो, मला शिकायचंय. नानांनी आधी जीप किती दिवस बंद आहे ते विचारलं. मग म्हणाले, "मास्तर, गाडीले बी भूक लागस. आठ दिनमा एकदाव तरी तिले चालाडनी पडस. मी येस रविवारले."

नाना दर रविवारी भडगावहून एस.टी.ने यायचे. पहिल्या दिवशी बॅटरी चार्ज केली, टाकी धुतली, जुनं पेट्रोल काढलं, प्लग साफ केले. इंजिन चौथ्या प्रयत्नाला लागलं. गल्लीतली दारं उघडली. समोरच्या काकू गॅलरीत आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं मी रडेन. मला भयंकर राग आला. इतकं सोपं होतं तर ती सीटवर बसली होती त्या दिवशी का नाही सुरू झाली? अशा रागाला काही अर्थ नसतो. तो कुठे ठेवायचा तेही कळत नाही. मी क्लच दाबला.

"क्लच हयू सोडा मास्तर. पोऱ्याले झोपाडतस तसा, हयू."

मला हळू सोडणं जमलं नाही. जीप उडी मारून बंद पडली. मे महिन्याच्या त्रेचाळीस अंशांत, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, ती माझ्या हातून एका सकाळी सव्वीस वेळा बंद पडली. नाना मोजत होते. लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा सुटलो. पहिल्या वेळी रांगेत माझ्यापुढे माझाच एक जुना विद्यार्थी निघाला, दहावीत मराठीत काठावर सुटलेला. तो एका फटक्यात पास झाला आणि माझ्या पाया पडून म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, परत बसता येतं." हे वाक्य मी त्याला कधीतरी म्हणालो असणार.

श्रावणात मी अक्काच्या फाटकाचा खांब पाडला. वळण घेताना ब्रेकऐवजी विचार करत बसलो. अक्का बाहेर आली, खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता जीपचा विषय निघणार. ती म्हणाली, "हात तर लागला नाही ना कुठे?" आणि मग, आत जाताना, "ती असती तर तुला चिमट्यानं मारलं असतं." सुनंदा गेल्यापासून अक्काने तिचा विषय न चिडता काढला, तो हा पहिल्यांदा.

जावेद मडगार्डचा चेपा काढायला धुळ्याहून आला. हातोडी घेऊन खाली बसला, बोट फिरवून बघितलं, हातोडी पिशवीत टाकली. "सर, हा राहू द्या. बाजीच्या हातून गाडीला कधी चेपा पडला नाही. हा तुमचा आहे."

काही जण म्हणतात, सर, तुम्ही मॅडमची शेवटची इच्छा पूर्ण करताय. ऐकायला छान आहे, आणि खोटं आहे. सुनंदाची शेवटची इच्छा चहात साखर ही होती. तिने मला गाडी शिका असं कधी म्हटलं नाही. तिला मी बाजेवरच बरा वाटायचो. हे मी तिच्यासाठी करत नाही. तिच्या जाण्याच्या विरुद्ध करतो आहे. जी गोष्ट तिने वीस वर्षं हाताने जिवंत ठेवली, ती माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, केवळ मला हात चालवता येत नाहीत म्हणून कुंड्या ठेवायच्या कामाची व्हावी, हे मला मान्य नाही. तिला वाचवता आलं नाही. ती माझ्या हातात नव्हती. ही आहे.

तपासणीच्या आदल्या शनिवारी नाना तापाने पडले. फोनवर म्हणाले, हँडब्रेक ढिला आहे, चढावर उभी करायला लावतील, सरकेल, पुढची तारीख घ्या. मुदत संपायला चार दिवस होते. मी मॅन्युअल बाजेवर उघडं ठेवलं, सुनंदाचे कॅनव्हासचे बूट बघितले, ते मला होत नाहीत, माझ्याच चपला घालून जीपखाली शिरलो.

खालून जग वेगळंच दिसतं. माती, तेलाचे डाग, गल्लीतून जाणारी पावलं. वीस वर्षं ती हे बघत होती आणि मी बाजेवर सावलीत होतो. गिअरबॉक्सच्या मागे हँडब्रेकचा ड्रम हाताला लागला. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. मी स्वतःच मोठ्याने म्हणालो, "ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत आवळा. मग दोन दात मागे या." हात तीनदा घसरला, बोटं सोलली. गल्लीत पावलं थांबली.

"सर! पडलात की काय?" समोरच्या काकू.

"नाही काकू. मुद्दाम पडलोय."

त्या गेल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते पुस्तक इथे बाजेवर आहे, वाऱ्याने पान उलटलंय. वाचू का मी? इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात."

"आकडे वाचा," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी एकटा जीप घेऊन गेलो. शहरातून, ट्रकांमधून, दुसऱ्या गिअरमध्ये. मागून हॉर्न वाजत होते. वाजू दे म्हटलं. तपासणी करणारे साहेब तरुण होते. कागद बघून म्हणाले, "नाव सुनंदाबाईंचं होतं. आता तुमच्या नावावर करायचंय?"

"हो. त्या वारल्या."

त्यांनी कागद नीट लावून घेतले. मग त्यांनी त्यांचं काम सुरू केलं आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. हॉर्न. लाइट. इंडिकेटर. वायपर अर्ध्यात अडकला, मी काचेवर टकटक केल्यावर पुढे सरकला. "पुढे चढावर घ्या. थांबवा. हँडब्रेक ओढा. आता पाय काढा."

मी पाय काढला. सगळं अंग ब्रेकवर असल्यासारखं मी त्या सीटवर बसलो होतो, तिच्या सीटवर. जीप बोटभर मागे सरकली, कुरकुरली आणि थांबली. साहेब चाकाकडे बघत उभे राहिले. ट्रकवाला मागे ओरडत होता.

"हँडब्रेक कुणाकडून करून घेतला?"

"मी केला."

त्यांनी माझ्या पट्टी लावलेल्या बोटांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "मडगार्डला चेपा आहे," ते म्हणाले.

"तो माझा आहे," मी म्हणालो.

आता जीप माझ्या नावावर आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी झाली आहे. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना अजून आवाज होतो. सुनंदा नाही, आणि जीप चालते.